योगिनीमावशीचे काटेरी टायर आणि एक काळा स्क्रू

माझी योगिनीमावशी रागावलेली नाही असा तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती भटजींकडे अशी बघतेय, जणू त्यांनी मधला एखादा मंत्र गाळलाय. (गाळलाच होता, असं ती आजही म्हणते.) ती सिडकोत राहते, आठवी-नववीला विज्ञान शिकवते, आणि तिच्या मते ती रागीट नाहीच. जग चुकीचं वागतं, मग कोणीतरी ते सांगायला नको का?

सांगायचीही तिची एक पद्धत आहे. ती आवाज चढवत नाही. उलट खाली आणते, चष्मा कपाळावर ढकलते आणि फळ्यावर खडूने लिहावा तसा एकेक शब्द टाकते. "पुरावा. आहे? नाही? मग. खाली. बस." हे वाक्य वर्गात इतकं वापरलंय की घरीही तेच बाहेर पडतं. महेशकाका, म्हणजे मावशीचे मिस्टर, एकदा जेवताना म्हणाले, "आज मीठ जरा पुढे आहे का?"

"पुरावा?"

काकांनी निमूटपणे दही ओढलं.

नजर लागणे, दृष्ट काढणे, लिंबू-मिरची, काळा दोरा या गोष्टींवर तर तिचा विशेष दात. काकांनी नवी स्कूटर घेतली तेव्हा शोरूमच्या माणसाने पूजा केली, नारळ फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. मावशीने वाकून ते उचललं, पर्समध्ये टाकलं आणि संध्याकाळी त्याचं सरबत केलं. "चाकाला क जीवनसत्त्व लागत नाही," एवढंच बोलली.

तर अशी ही बाई रिमोटच्या गाडीच्या नादी लागली, ती घर्षणाच्या धड्यामुळे.

आठवीला तो धडा शिकवायला तिने एक रिमोटची गाडी आणली. खेळण्याच्या दुकानात मिळते तसली नाही, चांगली दणकट, जाड चाकांची. फरशीवर पळवली, वाळूत पळवली, तेल सांडून पळवली. शेवटी शाळेच्या मैदानातल्या चिखलात घातली आणि तिथे चाकं जागच्या जागी गरागरा फिरत राहिली. सगळा वर्ग हसला. मावशीला कोणी हसलेलं चालत नाही, मग हसणारा आठवी ब चा असो नाहीतर चिखल. त्याच संध्याकाळी तिने चाकं काढली.

यापुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते. टायर रिमला चिकटवलेलं असतं. तो गोंद सुटावा म्हणून तिने चाकं उकळली. इडलीपात्रात. तेव्हापासून तिच्याकडच्या इडल्या आम्ही मागून खात नाही. मग मोज्यासारखं टायर उलटं केलं. त्यावर रबराचे बारीक दात असतात, त्या प्रत्येक दातात आतून दाभणाने भोक पाडलं आणि लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडचा एकेक छोटा स्क्रू आतून बाहेर पिळला. डोकं आत, टोक बाहेर. स्क्रूची डोकी आतल्या स्पंजाला कुरतडू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली. टोकं कानशीने एका उंचीची केली आणि टायर पुन्हा रिमवर चिकटवलं. एकेका टायरला अख्खा रविवार जायचा. टोचलेल्या बोटांना हळद, ओट्यावर रबराचा वास. काकांना एकदा पोह्यात स्क्रू सापडला. त्यांनी तो धुतला आणि डबीत नेऊन ठेवला.

ते टायर चिखलात फिरले तेव्हा वरचा मऊ थर फाडून काटे खालच्या घट्ट जमिनीत रुतले आणि गाडी सुतासारखी सरळ निघून गेली. आठवी ब चिडीचूप. मावशीचा चेहरा त्या दिवशी जवळजवळ हसरा होता.

पण मावशीच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर पल्लवीकाकू राहतात आणि त्यांना कुठलीही गोष्ट चांगली म्हटल्याशिवाय जिना चढता येत नाही. त्या दारातून डोकावल्या. "अय्या योगिनी! हे काय गं? किती गोऽऽड! दागिनाच की अगदी! नथच जणू चाकाला!" आणि दुसऱ्या दिवशी गाडी पायरीवरून उतरताना एक टायर उभं फाटलं.

"योगायोग," मावशी म्हणाली. "भोकं एकमेकांना फार जवळ पडली होती." हे तिने तीनदा सांगितलं. आम्ही कोणी विचारलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी तिने नवा जोड केला. चंदेरी काटे, सगळे सारखे, आणि प्रत्येक टायरला एकच एक स्क्रू काळा. नेलपॉलिशने रंगवलेला.

"मावशी, हा काळा कशाला?"

"चंदेरी संपले."

चंदेरी स्क्रूंनी भरलेली डबी तिच्या कोपराशीच होती. मी डबीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. "सृष्टी, तुला अभ्यास नाही का?"

मी काय समजायचं ते समजले. तान्ह्या बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात ना, तशी तीट होती ती. लिंबाचं सरबत करून पिणाऱ्या बाईने टायरला तीट लावली होती. हे बाहेर फुटलं असतं तर शाळेत तिला तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून मी गप्प बसले. आणि माझ्यासारखीला गप्प बसायला किती कष्ट पडतात ते माझं मला माहीत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात सिन्नरच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याशी एका बंद पडलेल्या मुरुमाच्या खाणीत रिमोटच्या गाड्यांची शर्यत झाली. खाणीचा ओला चढ, वर झेंडा, जो आधी पोचेल तो जिंकला. भरवणारा अश्विन. त्याचं कॉलेज रोडला रिमोटच्या गाड्यांचं काचेचं, एसीचं दुकान आहे. तो मराठी बोलतो, पण शब्दांना आधी परदेशी फिरवून आणतो. "ॲक्च्युअली मॅडम, बेसिकली ना, हे खूप टेक्निकल असतं." मावशीने चष्मा कपाळावर ढकलून त्यालाही "पुरावा?" विचारलंच. नोंदणीच्या टेबलावरच्या पोराने मावशीच्या हातात गाडी बघितली, मागे छत्री धरून उभे असलेले काका बघितले आणि विचारलं, "सरांचं नाव?" मावशी बॅटरी जोडत होती. काकांनी भाबडेपणाने नाव सांगितलं. झालं. गाडी काकांची.

चढावर बाकीच्या गाड्यांच्या चाकांत चिखल असा भरला की चाकांचे पुरणाचे गोळे झाले. मावशीची गाडी चर्र चर्र करत वर. आणि भोंग्यावर होते गोरक्षभाऊ. हे नामपूरचे, बोलणं अहिराणी, तिकडच्या मार्केटात कांद्याची बोली बोलतात. त्यांना शर्यतही बोलीसारखीच दिसते. "आली, आली, आली! चढती शे, भो, चढती शे! एक वार... दोन वार... बाकीना बठा चिखलमा! अन् गेली रे गेली! महेशभाऊ दातीर, नाशिक!"

कप काकांच्या हातात. काका ओरडताहेत, "अहो माझी नाही, हिची!" पण हलगीच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? फोटोत काका, कप आणि छत्री. मावशी छत्रीच्या मागे.

मला इथे सांगायलाच हवं, मावशीला कपाचं काही नव्हतं. कपात ती आता चिमटे ठेवते. तिला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, त्या भोंग्यावरून लोकांना ऐकू जावं: हे टायर योगिनी दातीरने केलेत. घरी जाताना गाडीत ती एकच वाक्य बोलली, "चाकाला नवरा लागतो होय?" काकांनी घर येईपर्यंत हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

त्या दिवशी अश्विन मात्र तिच्याशी फार गोड बोलला होता. "मॅडम, वॉव. फक्त बघायला देता का? दोन दिवस. प्युअर क्युरिऑसिटी." विज्ञानाच्या बाईंना कोणी कुतूहल म्हटलं की त्या विरघळतात. तिने चारही टायर दिले. ते पंधरा-वीस दिवसांनी परत आले, धुऊनपुसून, वर एक चॉकलेट.

आता या वर्षीचं ऐका आणि तुमचं रक्त उकळलं नाही तर मला सांगा.

आम्ही खाणीवर पोचलो. मोठा फलक. अश्विनचा मंडप. मंडपात काउंटर आणि काउंटरवर पाकिटंच पाकिटं. आत काटेरी टायर. वर छापलेलं, 'प्रो ग्रिप, जर्मन डिझाइन'. आणि तपासणीच्या टेबलाशी पाटी: घरगुती टायरना परवानगी नाही.

मावशीने गाडी टेबलावर ठेवली. या वेळी नाव स्वतः सांगितलं होतं, स्पेलिंगसकट. अश्विनने गाडी उचलली, टायरवरून अंगठा फिरवला आणि च् च् केलं. मुलाच्या फाटक्या चपलेकडे बघून करतात तसं.

"सॉरी मॅडम. घरगुती नाही चालणार. सेफ्टी."

"आणि तुमचे काटे काय कापसाचे आहेत?"

"आमचे कंपनीचे आहेत ना. टेस्टेड."

"अश्विन, हे माझे टायर आहेत. तुम्ही माझ्याकडून नेले होते."

तर हा माणूस हसला. मागे उभ्या गर्दीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, रागावू नका. पण कंपनीचा माल बघून घरी बनवणारे खूप असतात. वाईट नाही ते. हौस असते लेडीजना. रुखवतात ठेवायला छान आहेत."

रुखवतात! लग्नाच्या टेबलावर, करंज्यांच्या बैलगाडीशेजारी! मी पुढे सरसावले, काकांनी माझी ओढणी धरली. मी गेल्या वर्षीचा व्हिडिओ काढून त्याच्या नाकासमोर धरला. त्याने पाहिला, सावकाश, मान तिरकी करून. "यात तर चिखल दिसतोय, बेटा. टायर कुठे दिसतंय?" खरंच, चाकांचे नुसते तांबडे गोळे. "आणि इथे तर महेश दातीर असं पुकारलंय." मग चष्मा वगैरे काही नसताना त्याने कपाळावर बोट नेलं आणि मावशीकडे बघत विचारलं, "पुरावा आहे का, मॅडम?"

तिचंच वाक्य! तिलाच!

मावशी उत्तर द्यायच्या आधी काउंटरकडे वळली. एक पाकीट उचललं. प्लास्टिकमधून टायर फिरवून बघितलं. आणि थांबली. मीही तिच्या खांद्यावरून बघितलं.

चंदेरी काटे, सगळे सारखे. आणि एक काळा.

दुसरं पाकीट. एक काळा. तिसरं. एक काळा. ज्या कोणाला नमुना दिला, त्याला हा म्हणाला असणार की जसेच्या तसे करून आण. त्याने बिचाऱ्याने जसेच्या तसे केले. तीटसुद्धा.

पुरावा हातात होता. पण तो मांडायचा म्हणजे काय सांगायचं? आणि सांगायचं कोणासमोर? दोरीला लागून, पहिल्याच रांगेत, आठवी ब उभी होती. बाईंची गाडी बघायला पोरं सिन्नरच्या एसटीत लटकून आली होती. याच पोरांना तिने गेल्या महिन्यात नजर लागण्यावर दोन तास झोडपलं होतं. एका पोराच्या मनगटावरचा काळा दोरा बघून विचारलं होतं, "हा काय अँटेना आहे?"

मावशी हातातलं पाकीट नुसतं उलटसुलट करत राहिली. अश्विनला वाटलं बाई हरली. "चला, नेक्स्ट!"

"एक मिनिट." आवाज खाली आला. चष्मा वर गेला. "हा काळा स्क्रू कशासाठी आहे?"

"कुठला?"

"हा. सगळ्या पाकिटांत आहे. जर्मन डिझाइनमध्ये याचं काम काय?"

अश्विनने एक क्षण, फक्त एक क्षण, टायरकडे असं बघितलं, जणू तो स्क्रू त्याला पहिल्यांदाच दिसतोय. मग सुरू झाला. "ॲक्च्युअली, गुड क्वेश्चन. बेसिकली तो वेअर इंडिकेटर आहे. म्हणजे झीज कळते. प्लस बॅलन्सिंग. प्लस हीट. काळा कलर हीट ॲब्सॉर्ब करतो, मग तो ना, पूर्ण टायरची हीट..."

"चिखलात?"

"चिखलात तर जास्तच."

आठवी ब मधून कोणीतरी फिसकन हसलं. उष्णतेचा धडा त्यांचा झाला होता.

मावशीने पाकीट खाली ठेवलं. एकदा पोरांकडे बघितलं. आणि वर्गात बोलते तशीच, शब्द तोडून बोलली. "ती. तीट. आहे."

"काय?"

"तीट. बाळाला लावतात ती. माझ्या शेजारणीने टायरचं कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी ते फाटलं. पुढच्या जोडाला मी नेलपॉलिशने तीट लावली. प्रत्येक टायरला एक." तिने स्वतःची गाडी उचलून चाक फिरवलं. चंदेरी, चंदेरी, चंदेरी, काळा. "ही माझी. आणि ही तुमची. आता सांगा, जर्मनीत कोणाच्या नजरेला घाबरतात?"

मग आठवी ब मधला तोच, काळ्या दोऱ्याचा पोरगा, हात वर करून म्हणाला, "मॅडम, पण तुम्हीच तर म्हणाला होता की नजर नसते!"

"म्हणाले होते. अजूनही म्हणते. नजर नसते. हात खाली घे."

"मग लावली कशाला?"

मावशीचे कान लाल झाले होते. माझ्या मनात आलं, आता सांगेल काहीतरी, चंदेरी संपले होते वगैरे. पण नाही. "कारण टायर माझं होतं," ती म्हणाली. "तुझ्या आईला विचार. तिलाही माहीत असतं नजर नसते म्हणून. तरी लावतेच ना?"

पोराने मनगटावरचा दोरा चाचपला.

दोरीपलीकडे मक्याची कणसं भाजत बसलेल्या कुसाबाई निखारा फुंकायच्या थांबल्या. "बरं केलं माय," त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की भोंगा नसता तरी चाललं असतं. "येवढी देखणी चाकं! नजर लागनार नाय तर काय व्हईल? अन् त्या मेल्याला इचारा, कोन्च्या जर्मन बाईनं लावली त्याला तीट?"

मग जो हशा पिकला! अश्विन म्हणतोय "ॲक्च्युअली", त्याचं कोणी ऐकेना. पाकिटं घेतलेले लोक पाकिटं डोळ्यांशी धरून काळा स्क्रू शोधायला लागले. "ह्याच्यातबी हाय की रं!" "माझ्यातपण!" एक आजोबा नातवाला समजावत होते, "ही बघ, इथं गालाला." आणि गोरक्षभाऊंनी भोंगा उघडला. त्यांना आत्तापर्यंत दम धरवला तेच नवल. "आयका हो आयका! हाई टायर जर्मनीनं नही शे! हाई टायर योगिनीताई दातीर, सिडको, नाशिक, यास्नं शे! तीट लायेल माल! एक वार! दोन वार! तीन वार!"

मी मावशीकडे बघितलं. हवं होतं ते मिळालं होतं. भोंग्यावरून, नावासकट, पत्त्यासकट. आणि ती काय म्हणाली? "सिडको सांगायची काय गरज होती?"

अश्विनने ती पाटी उचलून टेबलाखाली सरकवली. माफी नाही हं. माफी शब्द त्याने परदेशातून अजून आणलेला नाही. "इट्स ओके मॅडम, ॲडजस्ट करू या," एवढंच. मावशी म्हणाली, "तुम्ही काय ॲडजस्ट करणार? पाकिटावरचं जर्मनी खोडा." त्यावर त्याने फोन आल्यासारखं केलं. फोन वाजलासुद्धा नव्हता. मला अजून संताप येतो. पाकिटं त्या दिवसानंतरही दुकानात आहेत, फक्त आता आत काळा स्क्रू नसतो.

शर्यतीत मावशी दुसरी आली. पहिला आला नगरकडचा एक मुलगा, त्याच 'प्रो ग्रिप' टायरांवर. म्हणजे पहिलीही तीच आणि दुसरीही तीच, असं मी तिला समजावलं. तिला पटलं नाही. "माझा जोड जुना होता. टोकं झिजली होती."

"इंडिकेटरने सांगितलं नाही का?" काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा काकांनी विनोद केला आणि तो जिवावर बेतता बेतता राहिला.

सोमवारी शाळेत काय झालं ते मला आठवी ब मधल्या एकीने सांगितलं. बाई वर्गात आल्या तेव्हा फळ्यावर एका कोपऱ्यात कोणीतरी खडूने तिटेसारखा एक ठिपका काढून ठेवला होता. बाईंनी तो बघितला. सगळ्यांना वाटलं, आता आभाळ कोसळणार. बाईंनी फळा पुसला, ठिपका सोडून, आणि म्हणाल्या, "आज प्रयोगाची रचना. तीट लावल्याने टायर टिकतं का, हे शोधायचं असेल तर काय कराल?"

आणि गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेले तर ओट्यावर चार नवे टायर. दोघांना काळा स्क्रू, दोघांना नाही. काटे तेवढेच, रबर तेच, पट्टी त्याच ट्यूबची. बोटांना हळद. आणि मावशी जिन्यात उभी राहून वर हाक मारतेय, "पल्लवी! ए पल्लवी! जरा खाली ये गं. टायर बघून जा."

पल्लवीकाकू धावतच आल्या. ओट्याशी थांबल्या, तोंडावर हात नेला. "अय्याऽऽ! हे दोन किती गोड झालेत गं!"

"दोन नाही." चष्मा कपाळावर गेला. "चारही. सगळ्यांचं सारखं कौतुक कर. पुन्हा म्हण."